बिनस्क्रूचं टेबल

आमच्या दापोडीच्या खोलीत एकही खिळा नव्हता. खोटं वाटेल, पण कॅलेंडरसुद्धा स्क्रूला लटकायचं. अण्णा, म्हणजे माझे वडील, पिंपरीच्या एका कंपनीत पॅकिंग खात्यात होते. परदेशातून मशिनं यायची ती देवदाराच्या मोठमोठ्या खोक्यांतून. मशीन कारखान्याच्या शेडमध्ये जायचं आणि खोकं मागं उरायचं. कंपनीच्या लेखी ते भंगार. अण्णा गेटपास काढायचे, फळ्या सायकलच्या कॅरिअरला बांधायचे आणि रेल्वेच्या कडेकडेनं सायकल ढकलत घरी यायचे. त्या खोक्यांतूनच आमचं घर झालं होतं: कॉट, भांड्यांची मांडणी, कपाट, बुद्धमूर्तीखालची फळी, माझं टेबल. फळ्यांवर परदेशी अक्षरं छापलेली असायची, काचेच्या पेल्याचं चित्र असायचं, वर तोंड केलेले बाण असायचे. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्याच कॉटवर बाण असतात.

खिळ्याला बंदी का, हे अण्णा येईल त्या पाहुण्याला सांगायचे. "खिळा मारला की लाकूड एकदाच कामाला येतं. काढाया गेलं की फळी फुटती. स्क्रू सोडला की फळी हाय तशी मोकळी." स्क्रू बसवण्याआधी ते तो कपडे धुवायच्या साबणाच्या वडीवर घासायचे. साबण लावलेला स्क्रू लोण्यात सुरी जावी तसा आत जातो आणि दहा वर्षांनी तितक्याच गुमान बाहेर येतो. त्यामुळं आमच्या घराला कायम धुतल्या कपड्यांचा वास असायचा, कपडे धुतलेले असोत-नसोत. खिडकीत चहाचे, पावडरीचे, बिस्किटांचे रिकामे डबे ओळीनं मांडलेले, त्यांत लांबीप्रमाणे निवडलेले स्क्रू. रेल्वे इतकी जवळ की गाडी गेली की सगळे डबे किणकिणायचे. नवा पाहुणा दचकायचा. आम्हाला ते ऐकूच यायचं नाही. आता दिघीच्या या घरात इतकी शांतता असते की दुपारी डोळा लागतो, तेव्हा मला अजून ते डबे वाजलेले ऐकू येतात आणि मी उगाच गाडीची वेळ बघते.

वर्षातून एकदा, बुद्धपौर्णिमेच्या आधीच्या रविवारी, आमच्याकडं 'उघडणी' असायची. हा सण आमच्या घरापुरताच. सकाळी सातला अण्णा पेचकस घेऊन बसायचे आणि दहापर्यंत घरातलं सगळं सामान फळ्या होऊन दाराबाहेर उन्हात पडायचं. ढेकूण मरायचे हा एक फायदा. पण खरं काम पुढं असायचं. अण्णा फळ्यांच्या मधोमध उकिडवे बसायचे आणि विचारायचे, "बोला, औंदा कुणाला काय लागतंय?" मी वाढले की माझी कॉट लांब व्हायची. आईचे गुडघे धरले त्या वर्षी मांडणी कमरेएवढ्या उंचीवर आली. स्टोव्हची फळीही उघडलेली असायची, म्हणून त्या दिवशी स्वयंपाक नाही. आई आदल्या दिवशीच्या भाकरी चुरून, कांदा-मिरचीची फोडणी देऊन मोठ्या परातीत कुस्करा करायची, वर सुकटीची चटणी, आणि आम्ही सगळे त्याच परातीतून खायचो. तसा कुस्करा मला पुन्हा कधी जमला नाही. भाकरी शिळी होण्याइतकी उरतच नाही हे एक कारण, आणि उन्हात तापलेल्या देवदाराचा वास नाही हे दुसरं.

प्रत्येक फळीच्या मागं अण्णा पेन्सिलीनं लिहून ठेवायचे. ही फळी आधी काय होती, मग काय झाली, कुणासाठी झाली. माझ्या टेबलाची जी मोठी रुंद फळी होती, तिच्या पाठीवर लिहिलं होतं: 'पाळणा – करुणा.' त्याखाली, 'मांडणीची पाठ.' त्याखाली, 'टेबल – करुणा.' आणि त्याखाली जागा सोडलेली. जागा ते कायम सोडायचे. माझ्या डोक्यात मात्र ती फळी माझी होती. दोनदा माझं नाव होतं तिच्यावर. घरात दुसरं पोर नव्हतं, त्यामुळं वाटणीचा प्रश्नच कधी आला नव्हता.

मग सुजाता आली. माझ्या आत्याची मुलगी, खेडच्या पलीकडच्या गावातली. दहावीला चांगले गुण पडले, डिप्लोमाला नंबर लागला, गावाहून रोज येणं शक्य नाही, म्हणून मामाच्या घरी. ती सोळाची, मी सतराची. एक पत्र्याची पेटी, तेल लावून चापून बसवलेल्या दोन वेण्या. आईनं तिला पाणी दिलं आणि स्टुलावर बस म्हणाली. ते स्टूल डुगडुगायचं. आमच्या घरात डुगडुगणारी ती एकच वस्तू होती. अण्णांनी दोनदा स्टुलाच्या पायाखाली चकती लावली होती आणि नाद सोडला होता. सुजाता बसली, उठली, पेला खाली ठेवला आणि कुणाला न विचारता स्टूल उलटं केलं. एक डोळा मिटून चारी पायांकडं पाहिलं. मग म्हणाली, "मामा, ह्ये दोन पाय आदलाबदल क्येलं तर?" अण्णांनी पेचकस दिला. तिनं दोन पाय सोडले, इकडचा तिकडं लावला, स्टूल सुलटं केलं आणि त्याच्यावर बसली. स्टूल हललं नाही.

"हात हाय पोरीला," अण्णा म्हणाले.

तीन शब्द. मी पाच वर्षांची असल्यापासून अण्णांच्या हातात स्क्रू देत आले होते. कुठला स्क्रू कुठल्या डब्यातला हे मला अंधारात सांगता आलं असतं. साबण किती घासायचा, रंधा कुठल्या अंगानं मारायचा, गिरमिट कुठं थांबवायचं, सगळं येत होतं. त्या बारा वर्षांत हे तीन शब्द माझ्या वाट्याला आले नव्हते. आणि ही काल आलेली, अजून पायांवरची खेडची धूळ धुतली नव्हती, आणि हिला हात होता! माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते त्या संध्याकाळी. आज मी साठी ओलांडली आहे, विहारातल्या शिबिरांत बसून मत्सरावर चार प्रवचनं ऐकली आहेत, एक स्वतः दिलंही आहे. ते दुखणं कमी झालं असं मी कुणाला सांगत नाही, कारण मग खोटं बोलल्याचं पाप वेगळं लागायचं.

त्यानंतरच्या संध्याकाळी अशा जायच्या: अण्णा फर्स्ट शिफ्ट करून यायचे, चहा प्यायचे आणि सुजातासमोर जमिनीवर बसायचे. तिला कॉलेजात ड्रॉइंग असायचं. मोठा कागद, टी-स्क्वेअर, आणि बोर्ड नाही. ती एका पत्र्यावर कागद पसरून काढायची आणि पत्रा मधेच वाकला की रेघ बिघडायची. अण्णांना मशीन ड्रॉइंग वाचता यायचं, काढता यायचं नाही. आता ते तिच्याकडून शिकत होते आणि तिला लाकूड शिकवत होते. कुठला जोड ओढ सहन करतो, कुठला दाब. "सुजे, जोडाया कुणालाबी येतं," ते म्हणायचे. "ही वस्तू उद्या उघडायची कशी, ते आधी ठरवावं. मग जोडावं." मी टेबलाशी त्यांच्याकडं पाठ करून बसायचे. बारावीचं वर्ष होतं. एकच ओळ दहादा वाचायचे आणि कान मागं. हे वाक्य तर मी लहानपणापासून ऐकत होते! पण मला सांगताना अण्णा ते पेचकस फिरवता फिरवता सांगायचे, आणि तिला सांगताना तिच्या तोंडाकडं बघून.

मी फार क्षुद्रपणा केला. तिचं खोडरबर मांडणीच्या मागं टाकलं. कानतुटका कप नेमानं तिला दिला. मैत्रिणी आल्या की तिच्या 'व्हय' नि 'न्हाई'ची नक्कल करून दाखवायचे. तिला ते कळायचं की नाही, मला आजही सांगता येणार नाही. ती हसायची. आईला मात्र सगळं दिसत होतं. एकदा भाकरी थापता थापता वर न बघता म्हणाली, "करुणे, पोटात दुखत असलं तर ओवा खा. टोपलीखाली डबीत हाय." मी इतकी फणकारले की दोन दिवस आईशी बोलले नाही. ओवा तेवढा खाल्ला.

त्याच वर्षी अण्णांनी दिघीला दोन खोल्या बांधून काढल्या. लष्कराच्या कुंपणाजवळ, तेव्हा सगळा माळच होता. स्वतःचं घर, म्हणजे जन्माचा आनंद. अण्णा महिनाभर एका कागदावर नियोजन करत होते. कंपनीतल्या रद्दी कागदाची पाठ, त्यावर आमच्या घरातली एकेक वस्तू आणि तिच्यापुढं तिचं नव्या घरात काय होणार. मांडणीचं दार, कपाटाचा माळा. तो कागद बुद्धमूर्तीखालच्या फळीवर पेल्याखाली दाबून ठेवलेला असायचा. एके दिवशी मी फळी पुसायला पेला उचलला आणि वाचलं: 'टेबलाची मोठी फळी – ड्रॉइंग बोर्ड, सुजाता.'

मी पुढं वाचलं नाही. पुढं काही वाचण्यासारखं असेल असं माझ्या मनातही आलं नाही. डोळ्यांपुढं एवढंच दिसत होतं, की 'पाळणा – करुणा' आणि 'टेबल – करुणा' यांच्या खाली, त्या सोडलेल्या जागेत आता तिचं नाव येणार. आयत्या बिळावर नागोबा ही म्हण मी त्या दिवशी किती वेळा मनात म्हटली असेन, मोजदाद नाही.

पुढच्या रविवारी अण्णांना ओव्हरटाइम होता. आई आणि सुजाता पिंपरीच्या बाजाराला निघाल्या. मी डोकं दुखतंय म्हटलं. त्या गेल्यावर स्टेशनजवळच्या हार्डवेअरच्या दुकानातून लाकडाला लावायचा पांढरा सरस आणला. माझं टेबल साधं नव्हतं. त्याला खाली खण, वर दोन्ही बाजूंना पुस्तकांचे कप्पे, सगळं एकाच सांगाड्यात. मी एकेक जोड सैल केला. साबणावर सरस धरत नाही हे मला माहीत होतं. अण्णांनीच सांगितलं होतं. म्हणून सोड्याच्या पाण्यात फडकं बुडवून प्रत्येक सांधा पुसला, वाळवला, पॉलिश पेपरनं खरखरीत केला. मग सरस भरला आणि स्क्रू पुन्हा आवळले. स्क्रूंनी फळ्या अशा दाबून धरल्या की सुताराच्या शिकंज्यालाही तसं जमलं नसतं. बाहेर आलेला सरस ओल्या फडक्यानं टिपून घेतला. तीन तास लागले. त्या तीन तासांत मी किती सुखात होते म्हणून सांगू! गुणगुणत होते. तोवर हातून झालेलं ते माझं सगळ्यात नेटकं काम होतं. हे टेबल आता कधी उघडणार नव्हतं. पाळणा नाही, मांडणी नाही, बोर्ड नाही. टेबल, आणि माझं.

पुढं काय होईल याचा विचार मी केला होता का? केला होता. टेबल उघडत नाही म्हटल्यावर अण्णा म्हणतील, जाऊ द्या, आहे तसं नेऊ. तिला दुसरं काहीतरी बघू. माझी अक्कल तिथवरच गेली. एक गोष्ट मी विसरले होते, आणि खिळे मारणाऱ्या घरात वाढलेली पोरगी ती विसरली नसती. आमच्या घरातली कुठलीच वस्तू दारातून आत आली नव्हती. फळ्या आत आल्या होत्या. टेबल आतच उभं राहिलं होतं.

सामान हलवायच्या दिवशी टेम्पो सकाळीच येऊन थांबला. शेजारचे दोघं-तिघं मदतीला आले. अण्णा रंगात होते. कॉट सुटली, मांडणी सुटली, कपाट सुटलं. प्रत्येक फळीवर खडूनं आकडा, दोरीनं गठ्ठा, गठ्ठा टेम्पोत. स्क्रूंचे डबे आईच्या मांडीवर. सगळं घर टेम्पोच्या अर्ध्या हौद्यात मावलं. टेबल शेवटी ठेवलं होतं. अण्णा खाली बसले, सुजातानं स्क्रू घ्यायला डबा धरला. स्क्रू लोण्यासारखे बाहेर येत होते. मी दाराला टेकून उभी होते. एकेक स्क्रू वाजत डब्यात पडत होता. शेवटचा स्क्रू निघाला. अण्णांनी दोन्ही हातांनी वरची फळी उचलली, आणि सगळं टेबल उचललं गेलं.

अण्णांनी ते खाली ठेवलं. सगळ्या बाजूंनी बघितलं. सगळीकडं रिकामी भोकं, एकही स्क्रू नाही, आणि टेबल उभं. शेजारचे काका म्हणाले, "च्यायला, भूत हाय का ह्यात?" त्यांनी आणि अण्णांनी मिळून ते दाराकडं नेलं. सरळ नाही, आडवं नाही, उलटं नाही. दार अरुंद, बाहेर लगेच समोरच्यांची भिंत. कप्पे चौकटीला अडत होते. टेम्पोवाला बाहेरून ओरडला, "ओ राव, उरका की! मला दुपारच्याला भोसरीत जायचंय." सुजाता गुडघ्यांवर बसली, फळी आणि सांगाडा जिथं मिळत होते तिथं तिनं नाक नेलं आणि म्हणाली, "मामा, सरस हाय ह्यात."

अण्णांनी अंगठ्याचं नख त्या सांध्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. हळूहळू. एका जागी माझ्याकडून पुसायचा राहिलेला एक पांढरा थेंब होता, तिथं नख थांबलं. 'कुणी लावला' असं त्यांनी विचारलं नाही. मान वर केली आणि माझ्याकडं पाहिलं. आई माझ्याकडं बघत होती, सुजाता मात्र डब्यातल्या स्क्रूंकडं.

"सांधा चांगला बसवलाय," अण्णा म्हणाले. "कुठं फट न्हाई." मग म्हणाले, "हात हाय तुला."

बारा वर्षं ज्यांची वाट पाहिली ते तीन शब्द असे मिळाले. ते टोचून बोलत नव्हते, हे मला अजूनही शपथेवर सांगता येईल. अण्णांना टोचून बोलणं येतच नव्हतं. त्यांनी काम पाहिलं आणि कामाला दाद दिली. शिव्या दिल्या असत्या, तोंडात मारली असती, तर मी आजवर कधीच विसरून गेले असते.

मग करवत काढली. कुठं कापायचं यावर शेजाऱ्यांचं एकमत होईना. एक म्हणे मधोमध. सुजातानं वीत लावून मोजलं आणि म्हणाली, "डाव्या अंगानं इथनं कापलं तर ह्यो मोठा तुकडा तरी साबूत निघंल. मधोमध कापलं तर दोनीबी वाया." ती माझं टेबल वाचवत होती. मला ते तेव्हाही कळलं, आणि कळल्यामुळं ती आणखीच नकोशी झाली. अण्णांनी तिनं दाखवलेल्या रेघेवर करवत चालवली. आमच्या घरात जोडलेली वस्तू कापली जाताना मी तोवर पाहिली नव्हती. लाकूड कापतानाचा तो गोड वास खोलीभर झाला आणि भुसा आईच्या पायांवर पडला. डाव्या बाजूचा तुकडा समोरच्यांनी चुलीत घालायला नेला.

राहिलेली फळी बोर्डाला आता अपुरी होती. अण्णांनी खिशातून तो नियोजनाचा कागद काढला, कानावरची पेन्सिल घेतली. मी त्यांच्या खांद्याशीच उभी होते, म्हणून मला दिसलं. ज्या ओळीवर माझं वाचन थांबलं होतं तिच्या बरोबर खाली लिहिलं होतं: 'कॉटची उशाची फळी – करुणाचं टेबल, खिडकीत, मोठं.' मोठं या शब्दाखाली दोन रेघा. दिघीच्या घराला पूर्वेकडं खिडकी होती आणि तिथं बसलं की कुंपणापलीकडची झाडं दिसायची, हे अण्णांनी मला दोनदा सांगितलं होतं. का सांगत होते ते मी विचारलं नव्हतं. अण्णांनी त्या ओळीवर काट मारली. तिथं लिहिलं: 'ड्रॉइंग बोर्ड – सुजाता.' मग ते टेबलाच्या उरलेल्या तुकड्यापाशी गेले, तो उलटा केला, आणि 'टेबल – करुणा' याच्या खाली, त्या सोडलेल्या जागेत काहीतरी लिहून खाली एक रेघ ओढली. पेन्सिल कानावर ठेवली आणि म्हणाले, "चला, उचला."

ते काय लिहिलं होतं, हे मी दिघीला पोचल्यावर वाचलं. 'करुणाचं.' एवढंच. इतर कुठल्याही फळीवर त्यांनी असं लिहिलं नव्हतं. पाळणा करुणासाठी, टेबल करुणासाठी, पण फळी कुणाचीच नसायची. ही एकच माझी झाली. मी जे मागितलं होतं ते मला दिलं होतं, आणि खालची रेघ ओढून फळीचा पुढचा रस्ता बंद केला होता.

टेबलाच्या बाकीच्या फळ्यांतून अण्णांची कॉट पुरी व्हायची होती; त्या सरसात अडकल्या, म्हणून अण्णा पुढची उघडणी येईपर्यंत जमिनीवर झोपले. त्यांच्या उशाच्या फळीवर सुजाता रेघा काढत होती, खिडकीत बसून. मी भिंतीच्या कोपऱ्यात त्या लंगड्या तुकड्यावर बारावी झाले, मग डी.एड., मग महापालिकेच्या शाळेत विज्ञान शिकवता शिकवता रिटायर झाले. माझं वाईट झालं असं नाही. पण सुजाताचं झालं ते दृष्ट लागण्यासारखं झालं, आणि दृष्ट लावायला मी होतेच.

चाकणला कारखाने आले तेव्हा ती तिथं गेली. गाड्यांचे सुटे भाग ज्या खोक्यांतून जातात ती खोकी बनवायचं काम. आधी लाकूड नाहीतर पुठ्ठा, माल पोचला की कचरा. सुजातानं घडी होणारी खोकी काढली. माल घेऊन जातात, घडी होऊन परत येतात, पुन्हा जातात. एक बिजागरी मोडली तर तेवढीच बदलायची. चिकटवलेलं काही नाही. आता याला मोठं नाव आहे, चक्राकार अर्थव्यवस्था. मागच्या हिवाळ्यात तिचा सत्कार झाला, तिनं मला पुढच्या रांगेत बसवलं. टाय घातलेला एक पोरगा आधी पडद्यावर गोल गोल बाण दाखवून गेला. आमच्या कॉटवरचे बाण निदान सरळ होते. मग सुजाता उठली. केस पांढरे, कॉटनची साडी, आणि माइकमध्ये म्हणाली, "मी हे कॉलेजात शिकले नाही. दापोडीला माझ्या मामांच्या घरात एकही खिळा नव्हता. मामा म्हणायचे, जोडायला कुणालाही येतं. उघडायचं कसं ते आधी ठरवावं."

टाळ्या पडल्या. शेजारची बाई मला म्हणाली, किती छान, नाही? मी छान म्हटलं. आणि आतून पेटले होते. माझा बाप होता तो! माझं घर, माझे डबे, माझ्या नाकातला साबणाचा वास. ते वाक्य वारशानं माझं होतं आणि मी ते कपाटात ठेवून दिलं होतं. तिनं ते वापरलं, म्हणून ते तिचं झालं. तिनं मामांचं नाव घेतलं, खोटं काही बोलली नाही, टेबलाचा तर उल्लेखही केला नाही. तेच मला सहन होत नव्हतं.

अण्णा जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांच्या फळ्यांपैकी काही उरलं नाही, आणि ते स्वाभाविकच होतं. कुणाच्या मुलीच्या लग्नात पाट झाले, कुणाच्या कोंबड्यांचं खुराडं झालं, विहाराच्या चपलांची मांडणी झाली, त्या मांडणीचंही पुढं काही झालं. सुजाताचा बोर्ड तिनं स्वतःच उघडून एका विद्यार्थ्याला दिला. सगळं फिरत फिरत गेलं. राहिली ती फक्त जी फिरू शकली नाही ती. हे मी लिहिते आहे ते त्याच तुकड्यावर. सरस अजून पक्का आहे.

परवा सुजाताचा फोन आला. चाकणला तरुण इंजिनियरांपुढं बोलायचं आहे म्हणाली. जगाशी ती पुस्तकी बोलते, माझ्याशी बोलताना अजून तिचं गाव येतं. "ताई, मामाच्या हातची येखादी फळी हाय का गं तुझ्याकडं? मागं पेन्सिलीनं लिवलेली. पोरांना दाखवीन म्हनत हुते. लगेच परत आनून दीन."

माझा हात फळीवरच होता. पेन खाली ठेवलं.

"नाही गं," मी म्हटलं. "काही नाही राहिलं."

ती म्हणाली, "व्हय, कुठनं राहनार. ऱ्हायलं नसंल त्येच बरं. मामाला त्येच आवडलं असतं." आणि माझ्या गुडघ्यांची चौकशी करून तिनं फोन ठेवला.

मी टेबलाखाली हात घालून चाचपलं. पेन्सिलीची अक्षरं बोटांना लागत नाहीत, पण कुठं आहेत ते मला पाठ आहे. त्या रेघेच्या खाली अजून चार ओळी मावतील एवढी जागा आहे.